तोंड उघडलं की एक

शिवरे,
१८ नोव्हेंबर २०२४

शिवानी,

तुझं पाकीट मिळालं. पत्र दोनदा वाचलं, उत्तरपत्रिकेची झेरॉक्सही पाहिली. मला जे कळलं ते आधी क्रमाने लिहिते. कुठे चुकलं असेल तर त्या आकड्यापुढे दुरुस्ती लिहून पाठव.

१. तुमच्या संगीताच्या नूतनबाई दिवाळीआधीपासून बाळंतपणाच्या रजेवर आहेत. बदली शिक्षक आलेले नाहीत. बारावीला हा विषय घेतलेल्या तुम्ही तिघी आपापलं वाचता.

२. सहामाहीला संगीताचा इतिहास आणि शास्त्र या पेपरात तू नापास झालीस. बाकी सगळ्या विषयांत पास आहेस.

३. इतिहासाच्या भागात तू काळ उलटसुलट लिहिले आहेस. हे तुला मान्य आहे.

४. शास्त्राच्या भागात पाच ताल लिहायचे होते. चार चूक, एक बरोबर. तपासणाऱ्याचा शेरा : 'बोल पाठ नाहीत.'

५. तू लिहितेस की बोल तुला झोपेतही येतात. दहाव्या वर्षापासून तू पानशेतच्या भजनी मंडळात ज्ञानूतात्यांच्या शेजारी बसून मृदंग वाजवतेस.

६. रविवारच्या फोनवर तुझ्या वडिलांनी सांगितलं की बोर्डाला या विषयात पास झालीस तर पुण्याला संगीत शिकायला जा. नाही तर घरी ये आणि हॉटेल सांभाळ.

चौथा आणि पाचवा मुद्दा एकाच वेळी खरे कसे असतील, हा प्रश्न आहे. माझ्या कामात असं पुष्कळदा होतं, म्हणून उत्तर देते आहे.

संगीतातलं मला काही कळत नाही. धरणावर मोजमापाच्या कामाला होते तेव्हा दीड वर्ष तुमच्या हॉटेलच्या वरच्या खोलीत राहिले आणि गुरुवारी खालून भजन ऐकू यायचं, तेवढाच माझा संबंध. आता इथे महामार्गालगतच्या प्रयोगशाळेत काटे आणि मापकं तपासते. एखादा काटा किती चुकतो यापेक्षा कसा चुकतो, हे आम्ही आधी बघतो. तुझी उत्तरपत्रिका मी तशी बघेन. त्याहून जास्त काही मागू नकोस.

पुस्तक बंद करून पाचही ताल पुन्हा लिहून पाठव. तात्यांनी तुला मोजायला कसं शिकवलं तेही लिही. आठवतं तसं लिही, सजवू नकोस.

शाहीन

*

मुलींचं वसतिगृह, वेल्हे
२५ नोव्हेंबर

शाहीनताई,

तुमचं पत्र आमच्या रेक्टर मंगल मॅडमनी आधी उघडून वाचलं. सगळ्यांचीच वाचतात. वाचून झाल्यावर त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि मला विचारलं, "कुठल्या ऑफिसातनं आलंय गं? नोटीस आहे का काय?" मी म्हटलं, आमच्या ताई आहेत, त्या बोलतातही अशाच. मॅडम म्हणाल्या, मग यांच्याकडनं रोज एक पत्र मागव, तुला तेच पाहिजे.

दुरुस्ती एकच. आकडा पाच : दहाव्या नाही, नवव्या वर्षापासून.

पाचही ताल मागच्या पानावर लिहिलेत. शपथेवर पुस्तक बघितलेलं नाही.

तात्यांनी कसं शिकवलं ते सांगते. देवळात ते मला मांडीजवळ बसवायचे. मृदंगाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक आमच्याच हॉटेलातून जायची, ती मी न्यायचे, म्हणून माझी जागा ठरलेली. म्हणायचे, "हाताकडं बघू नगं. वर बघ. गाणाऱ्याचं तोंड उघडलं की एक. तितनं मोज." मी तोंडांकडेच बघत शिकले. कुणाचे दात पडलेत, कोण तंबाखू खातं, सगळं मला पाठ. मग बारावीला नूतनबाईंनी पुस्तकातले तबल्याचे बोल दिले. ते मी तात्यांच्या मोजणीत बसवून पाठ केले. पटकन बसले, कारण मोजणी अंगातच होती. आता जेवताना थाळीवर वाजवत असते. मुलींनी वैतागून माझी स्टीलची थाळी काढून घेतली आणि प्लास्टिकची दिली.

इतिहासाचं मात्र माझं मलाच हसू येतं. सामगायन आधी, मग ग्राम-मूर्च्छना, मग प्रबंध, मग ध्रुपद, ख्याल, ठुमरी. वाचताना कळतं. पेपरात सगळे एकाच वेळी दारात उभे राहतात. तात्यांना विचारून उपयोग नाही. ते सगळ्यालाच "पूर्वीपासनं हाय" म्हणतात.

बाबांवर माझा राग नाही. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं धरणावर येतात तेव्हा आई भाकरीच्या चुलीपासून उठत नाही, हे तुम्ही बघितलंय. बाबा म्हणतात, वाजवायला कोण नको म्हणतंय, गुरुवारी वाजव की, त्याला पुणं कशाला? मला त्यांना नीट सांगता आलं नाही. मला वाजवता येतं, ताई, पण मी काय वाजवते ते सांगता येत नाही. मला ते सांगता यायला हवं आहे. नूतनबाई फळ्यावर एक ताल काढायच्या आणि मला वाटायचं, आपल्या घराचा नकाशा कुणीतरी पहिल्यांदा काढून दाखवतंय.

लवकर लिहा.

शिवानी

*

मुलींचं वसतिगृह, वेल्हे
१६ डिसेंबर

शाहीनताई,

तीन आठवडे झाले. तुम्ही उत्तर उशिरा देणाऱ्यातल्या नाही, म्हणून आधी वाटलं पोस्टात हरवलं.

काल बाबांचा फोन झाला. ते म्हणाले, "शाहीनबाई येऊन गेल्या. दोनदा आल्या. लई येळ बसलो होतो बोलत." काय बोललात ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, त्यांना बी कळतंय समदं.

म्हणजे तुम्हालाही कळलं. ठीक आहे. मला न विचारता माझ्या घरी जाऊन ठरवायचं होतं तर मला ताल कशाला लिहायला लावलेत?

जानेवारीत पूर्वपरीक्षा आहे. संगीताचा पेपर मी कोरा देणार आहे. नापासच व्हायचं तर एकदा नीट होते. मंगल मॅडमना हे पत्र वाचायला मिळेलच, त्यांनाही कळू दे.

शिवानी

*

शिवरे,
२० डिसेंबर

शिवानी,

उशीर झाला कारण मला कागदावर एक गोष्ट दिसत होती आणि ती प्रत्यक्ष तपासल्याशिवाय लिहायची नव्हती. गुरुवारी आमची सुट्टी असते आणि भजनही गुरुवारीच. पहिल्या गुरुवारी तात्या पाहुण्यांकडे गेले होते. म्हणून दोनदा जावं लागलं. तुला आधी कळवायला हवं होतं.

कागदावर दिसलं ते असं. तू लिहिलेला एकही बोल चुकीचा नाही. मात्रा पूर्ण आहेत, क्रमही बरोबर आहे. पण तीनताल तू नवव्या मात्रेपासून लिहिला आहेस, झपताल सहाव्या, केहरवा पाचव्या आणि दादरा चौथ्या. पुस्तकात या चारही जागी शून्य काढलेलं आहे, म्हणजे खाली, जिथे टाळी न देता हात नुसता बाजूला करतात. तू प्रत्येक ताल खालीपासून सुरू केला आहेस. पाचवा ताल रूपक. तो एकटाच तुझा बरोबर आला, कारण रूपकात शून्य पहिल्याच मात्रेवर असतं. चार चूक आणि एक बरोबर, हे पाचही एकाच कारणाने झालं आहे.

काट्यावर काही न ठेवता तो पन्नास ग्रॅम दाखवत असेल तर त्यावरचं प्रत्येक वजन पन्नासने चुकतं. असा काटा आम्ही टाकून देत नाही. शून्य हलवतो आणि तो पुढे वर्षानुवर्षं चालतो. दर वेळी वेगळं चुकतो तो टाकतो. तू पहिल्या प्रकारची आहेस.

हे पडताळून बघायला मी देवळात गेले. तात्या कणीक मळत होते. मला बघून बाकीच्यांना म्हणाले, मीटरवाल्या बाई आल्या, आता आपला मृदंग किती लिटर भरतोय ते सांगतील. मी विचारलं, तुमची पहिली मात्रा कोणती. त्यांनी गायला सांगितलं आणि गाणाऱ्याचं तोंड उघडताच बोट वर केलं. तुमच्या मंडळातली बहुतेक भजनं खालीपासून उठतात. मग मी विचारलं की जिथे सगळ्यांची थाप एकत्र पडते आणि माना हलतात, त्या समेला तुम्ही कितवी म्हणता. तात्यांनी हात थांबवला.

"समेला मोजत न्हाईत. तितं पोचायचं असतंय. मोजायचं ते निघालो तितनं. तुमी शिवऱ्यास्नं निघालात तर पानशेतापास्नं मोजाल व्हय?"

पुस्तक पोचायच्या जागेपासून मोजतं, तात्या निघायच्या. ताल एकच आहे. पेपर तपासणारा मंडळात बसलेला नसतो, त्याला तू कुठून निघालीस ते दिसत नाही, म्हणून त्याने तो शेरा दिला. त्याच्या जागी मी असते तर मीही दिला असता.

दुरुस्ती अशी कर. पेपरात लगेच लिहू नकोस. मनात भजन उठव, तात्या शिकवतात तसंच. पेन वर धर. सम आली की पेन टेकव आणि तिथून लिही. लिहिणं तेवढं बदलायचं, वाजवणं अजिबात नाही.

आता तुझ्या वडिलांबद्दल. सोमनाथदादा म्हणाले, "तुमचं ऐकती ती. सांगा तिला, हॉटेल बघून बी वाजवता येतंय." मी सांगितलं की हे मी लिहिणार नाही. चूक एकाच प्रकारची आहे आणि काढता येते, एवढं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, किती दिसात? मी म्हणाले, माहीत नाही. त्यावर ते बराच वेळ हसले. दीड वर्षात तुमच्या तोंडून ह्ये पहिल्यांदा ऐकलं, म्हणाले. चहा दिला. 'त्यांना बी कळतंय' याचा अर्थ एवढाच आहे.

कोरा पेपर द्यायचा की नाही हे तू ठरव. कोऱ्या पेपरात चूक कोणत्या प्रकारची आहे हे मात्र कुणालाच शोधता येत नाही.

शाहीन

*

मुलींचं वसतिगृह, वेल्हे
३१ डिसेंबर

ताई,

मागचं पत्र फाडून टाका. मंगल मॅडमनी तुमचं पत्र मला स्वतः आणून दिलं. म्हणाल्या, आता वाच आणि तोंड धुऊन ये.

पण खरं सांगते, पहिले दोन दिवस मला तुमचा रागच आला होता. नऊ वर्षं शिकले ते शून्य हलवून दुरुस्त करायचं म्हणजे तात्यांना खोडरबरने पुसल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं. मनात भजन उठवलं, पेन वर धरलं, आणि समेवर हात आपोआप खाली आला. म्हणजे मी आणला नाही, तो आलाच. पुढे धा धिं धिं धा. पुस्तकासारखं. मी चारही ताल तसे लिहिले आणि मग उगाचच पुन्हा लिहिले. तात्या त्यात तसेच्या तसे आहेत.

इतिहासासाठी तुम्ही पत्रासोबत पाठवलेला काळाचा तक्ता भिंतीवर लावला. छान दिसतो. डोक्यात काही जात नाही. मग मला सुचलं की मला क्रम कशाचा पाठ आहे? एसटीच्या थांब्यांचा. परीक्षेचं केंद्र भोरला आहे, त्याच गाडीने जायचंय. म्हणून वेल्ह्याच्या स्टँडवर सामगायन ठेवलं. पहाटे तिथे कुणी नसतं, नुसता आवाज घुमतो. विंझरला ग्राम-मूर्च्छना. मार्गासनीला प्रबंध. आंबवण्याला ध्रुपद. नसरापूरला ख्याल, कारण तिथे बाजार भरतो आणि प्रत्येक दुकानाची आपली तऱ्हा, ती सगळी घराणी. चेलाडीला ठुमरी. कापूरहोळला ध्वनिमुद्रण, रेडिओ, छापील स्वरलिपी, कारण तिथे सगळी यंत्रं आणि गॅरेजं. भोर म्हणजे आज.

हसू नका. तुम्ही हसत नाही ते माहीत आहे, तरी.

शिवानी

*

शिवरे,
१३ जानेवारी २०२५

शिवानी,

थांब्यांचा क्रम तपासला. बरोबर आहे. चेलाडी आणि कापूरहोळ जवळ आहेत, ठुमरी आणि ध्वनिमुद्रण यांतही अंतर फार नाही, म्हणजे तेही जमतं. एक धोका आहे. आंबवण्याला उतारू नसेल तर गाडी थांबत नाही. त्या दिवशी ध्रुपद विसरू नकोस.

सोबत सरावासाठी प्रश्न पाठवते. नूतनबाईंचा नंबर मंगल मॅडमकडून मागून घेतला आणि त्यांना विचारून काढले आहेत. बाळ बरं आहे. त्या म्हणाल्या, तुझं अक्षर मोठं कर.

लिहिताना पेन फार घट्ट धरतेस, पानाच्या मागे ठसे उठतात. टाळ धरताना मनगट सैल सोडावं लागतं, नाहीतर आवाज दबतो. तसंच.

पूर्वपरीक्षेत काय झालं ते लगेच कळव.

शाहीन

*

मुलींचं वसतिगृह, वेल्हे
२९ जानेवारी

ताई,

पुन्हा नापास. या वेळी दोनच गुणांनी.

लिहिला तेवढा इतिहास सगळा बरोबर. मार्गासनीचं प्रबंधगायन तर मी इतकं लिहिलं की पुरवणी घ्यावी लागली आणि बाकीचे मोठे प्रश्न वेळेअभावी कोरेच राहिले. चारही ताल बरोबर. रूपक चुकला. सहामाहीत एकटा तोच बरोबर होता आणि आता एकटा तोच चूक. सगळं हलवायचं एवढंच डोक्यात होतं, तर मी तोही हलवला. पेपर हातात पडला तेव्हा मंगल मॅडमसमोर आधी हसले आणि मग रडले. मॅडमना वाटलं माझं डोकं फिरलं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. बोर्डाच्या या पेपराला पाच-सहा आठवडे आहेत. आता मला रूपकाचीच भीती वाटते. तो दिसला की हात थांबतो.

आणि एक विचारायचं राहिलं. टाळ धरताना मनगट सैल लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

शिवानी

*

शिवरे,
३ फेब्रुवारी

शिवानी,

दुरुस्ती शिकलेला प्रत्येक जण एकदा चांगलं मापकही दुरुस्त करून बिघडवतो. मीही केलं आहे. ते एकदाच होतं.

रूपकात निघायची आणि पोचायची जागा एकच आहे. तिथे काही हलवू नकोस. एवढंच लक्षात ठेव.

वडिलांना सांग. त्यांना दोन गुण म्हणजे किती हे कळतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेनंतर.

शाहीन

*

पानशेत
९ मार्च

शाहीनबाई यांस सोमनाथचा नमस्कार.

मला लिवायची सवय न्हाई. शिवानी म्हणली, बाबा, फोन करू नका, ताईस्नी पत्रच लिवा, त्यांना कागद लागतो. म्हणून लिवतोय. चुकभूल घ्या.

पेपर झाला. म्या आदल्या दिशी मोटरसायकलनं पाबे घाटातनं वेल्ह्याला गेलो. म्हणलं, सकाळी गाडीवरनंच भोरला सोडतो. तर पोरगी म्हणाली, न्हाई, एसटीनंच जायचं. गाडीवर माझं ठुमरीपतोर होणार न्हाई. मला काय बोध झाला न्हाई, पर परीक्षेच्या दिशी पोरीशी वाद नगं म्हणून गप बसलो.

एसटीत बसल्यापास्नं ती पुटपुटाया लागली. विंझरला एक पुटपुटली, मार्गासनीला एक. मला वाटलं ताप आला. कपाळाला हात लावून बघितला. आंबवण्याला गाडी थांबलीच न्हाई, सरळ फुडं गेली. तशी ही उठून हुबी. "बाबा, ध्रुपद राहिलं." म्या कंडक्टरला हाक मारली, जरा थांबवा, पोरीचं कायतरी मागं राहिलं. तो म्हणला, काय, पिशवी का? म्या म्हणलो, ध्रुपद. समदी गाडी वळून बघाया लागली. कंडक्टर लई शांत माणूस. म्हणला, "आता न्हाई थांबत. नसरापुरात घ्या."

तवा ती हसली. दोन दिस हसली नव्हती. मग नसरापूर येईस्तवर तिनं मला ध्रुपद म्हणजे काय त्ये सांगितलं. ख्याल सांगितला. कापूरहोळात गाडी जरा जास्त थांबली तर आपला गुरुवारचा अभंग 'खाली'पास्नं का उठतो, त्ये माझ्या गुडघ्यावर टाळी देऊन दाखवलं. पंचवीस वर्सं म्या मंडळात टाळ धरतोय, शाहीनबाई. ह्याच्यात सांगण्यासारखं कायतरी हाय, ह्ये मला ठावं नव्हतं.

बाहेर आली ती म्हणली, ताईस्नी सांगा, रूपक हलवला न्हाई. मला त्याचा अर्थ ठावं न्हाई. तुमाला लागंल म्हणून लिवला.

पास-नापास काय ते मे म्हैन्यात. म्या बोललो तसंच धरून हाय, शब्द फिरवत न्हाई. पर आदी नापास झाली असती तर मला वाईट वाटलं नसतं. आता वाटंल.

तुमी गुरुवारी येताय त्ये पोरीला सांगू नका म्हणला व्हता. न्हाई सांगितलं. पर आता ती घरी आलीय, आमचे तात्या पोटात ठेवणाऱ्यातले न्हाईत. मागल्या गुरुवारी आला न्हाईत. तात्या इचारत व्हते.

सोमनाथ

*

पानशेत
६ मे

शाहीनताई,

निकाल काल लागला. पास. सगळ्यात पास, आणि संगीताच्या शास्त्रात मराठीपेक्षा जास्त गुण आहेत, त्यावरून आई चिडवते की मातृभाषा बदलली म्हणून. नूतनबाईंना फोन केला. मागे बाळ रडत होतं, त्या म्हणाल्या, रूपकात रडतंय बघ.

बाबांनी निकाल मोबाईलवर तीनदा उघडून बघितला. मग हॉटेलात गेले, आणि संध्याकाळी नवीन माणूस बघायला हवा असं आईला म्हणाले. म्हणजे पुण्याला जायचं. त्यांनी मला सरळ सांगितलं नाही, पण आज सकाळी कॉलेजचा पत्ता विचारत होते, शनिवारची गाडी कुठून मिळेल तेही.

आता माझ्याकडे फोन आहे, पण तुम्हाला पत्रच लिहावंसं वाटलं. कारण मला एक विचारायचंय आणि फोनवर तुम्ही विषय बदलाल.

तात्यांनी सगळं सांगितलं. डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटपर्यंत तुम्ही जवळजवळ दर गुरुवारी आलात. आधी नुसत्या बसायचात. मग तात्यांनी टाळ हातात दिले. तात्या म्हणतात, "पहिल्या दिशी असं वाजवत होत्या जसं मीटर ठोकून बघत्यात." पुढे मनगट सैल झालं म्हणे. आणि एकदा सगळे घसरले तेव्हा तुम्ही एकट्याच समेवर होतात, आणि कुणाकडे बघितलंही नाहीत.

परीक्षा झाल्यापासून मी घरी आहे आणि तुम्ही एकाही गुरुवारी आला नाहीत. तुमचे टाळ खुंटीला तसेच आहेत. मला कळत नाही, माझ्यापासून लपवायचं काय होतं त्यात? आणि मी आले तर तुम्ही का थांबलात?

शिवानी

*

शिवरे,
८ मे २०२५

शिवानी,

पास झालीस. हे मला अपेक्षित होतं, तरी निकालाच्या दिवशी काम नीट झालं नाही. अभिनंदन.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

मी आधी चूक तपासायला आले. ते एका संध्याकाळी झालं. पुढच्या गुरुवारी तपासण्यासारखं काही नव्हतं आणि तरी मी आले. याचं कारण मला तेव्हा लिहिता आलं नसतं, म्हणून तुला सांगितलं नाही. तू एकदा लिहिलं होतंस, मला वाजवता येतं पण सांगता येत नाही. माझं उलट आहे. ताल कुठून कुठे जातो हे मी कागदावर दाखवू शकत होते. तात्यांनी टाळ हातात दिले तेव्हा पहिल्यांदा सम आली आणि मला ती मोजावी लागली नाही.

तू घरी आल्यावर थांबले, कारण मी बसत होते ती जागा तात्यांच्या डाव्या हाताची आहे. ती तुझी आहे. तू नसताना तिथे बसणं वेगळं आणि तू असताना बसणं वेगळं.

आता तू जूनमध्ये पुण्याला जाशील. सुट्टीत येशील तेव्हा ती जागा तुझीच राहील. तिच्या शेजारी आणखी एक माणूस बसेल एवढी सतरंजी आहे, हे मी पाहिलं आहे. मी तात्यांना विचारलं होतं. ते म्हणाले की मंडळात नवीन माणूस घ्यायचं तर ज्याच्या शेजारी बसायचं त्याने हो म्हणावं लागतं, बाकी कुणाला विचारत नाहीत. म्हणून तुला विचारते आहे.

मला दर गुरुवारी टाळ धरायला बसायचं आहे. पाहुणी म्हणून नाही.

हो किंवा नाही, एवढंच लिहून पाठव. उत्तर बुधवारी, चौदा मेपर्यंत माझ्या हातात पडावं. पंधराला गुरुवार आहे.

शाहीन